मावशी, नंबर बघितलास का?

धार जिल्ह्यातल्या बदनावरला बैजनाथ महादेवाचं देऊळ आहे, परमारांच्या काळातलं. बैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा धनी. गावात डॉक्टर यायच्या कितीतरी आधी डॉक्टरांचा देव येऊन बसला होता. माझी मावशी याच गावी दिलेली. पवारांच्या धार संस्थानात चाकरीला आलेलं आणि पुढे माळव्याचंच होऊन गेलेलं घराणं. तिचा नेम ठरलेला: आधी बैजनाथ, मग दवाखाना. काखेत रिपोर्टांची पिशवी, तीही रतलामच्या साडीच्या दुकानातली. पिशवीत एक्स-रे, रक्ताचे कागद, चष्म्याचा नंबर आणि मधेच कुठेतरी विजेचं बिल.

या पिशवीपायी मला एक खोड लागली. कुठल्याही दवाखान्यात शिरलो की आधी पाटी वाचतो. त्या खोडीतून गोळा झालेली ही भेळ.

आणि भेळ म्हटली तरी बदनावरच्या चौपाटीवर ती शोधू नका. माळव्यात हमरस्त्यांच्या चौकाला चौपाटी म्हणतात. इथून एक रस्ता रतलामला, एक लेबडकडून धार-इंदूरला, एक उज्जैनला आणि एक पेटलावद-थांदल्याकडे जातो. पेशंट गाडीत घातला की ड्रायव्हर विचारतो, “कुठे वळवू?” पूर्वी उत्तर एकच असे, ‘एमवाय’. म्हणजे होळकरांच्या यशवंतरावांचं नाव असलेलं इंदूरचं मोठं सरकारी इस्पितळ. २०१८ साली रतलामला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि गाड्या उजवीकडच्या डावीकडे वळायला लागल्या.

भोजराजाच्या डोक्यात मासा

धारच्या भोजराजाची एक गोष्ट ‘भोजप्रबंध’ या संस्कृत ग्रंथात आहे. ग्रंथ राजानंतर काही शतकांनी लिहिलेला, तेव्हा इतिहास म्हणून घेऊ नका, पण डॉक्टर आणि पेशंट यांच्याबद्दल इतकी खरी गोष्ट क्वचित सापडते.

राजाचं डोकं दुखायला लागलं. राज्यातले सगळे वैद्य झाले, गुण येईना. राजा असा वैतागला की त्याने प्रधानाला हुकूम दिला: यापुढे माझ्या देशात एकही वैद्य राहता कामा नये, आणि वाग्भटापासून सगळे वैद्यकग्रंथ नदीत बुडवा. म्हणजे एका फटक्यात अख्ख्या राज्याचं लायसन्स रद्द. हे स्वर्गात कळलं. इंद्राने अश्विनीकुमारांना ब्राह्मणाच्या वेषात धारला पाठवलं. त्यांनी राजाला मोहचूर्ण देऊन बेशुद्ध केलं, कवटी उघडली, आतून मासे काढले आणि भांड्यात टाकले, कवटी पूर्ववत सांधली आणि संजीवनी देऊन राजाला उठवलं. नंतर ते मासे त्याला दाखवलेसुद्धा. (पित्ताशयातले खडे बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवायची रीत आजची नाही तर!)

खरी गंमत पुढे आहे. राजाने पथ्य विचारलं. दोघे श्लोकात सांगू लागले आणि बोलता बोलता “माणसांनो, तुमचं पथ्य असं” असं म्हणून गेले. राजाचे कान टवकारले. हे आपल्याला ‘माणसांनो’ म्हणतात, मग हे स्वतः कोण? त्याने हात धरले, तसे दोघे अंतर्धान पावले. श्लोकाचा चौथा चरण राहिला तो राहिलाच. तो पुरा करायला अखेर कालिदासाला बोलवावं लागलं. कोमट पाण्याने स्नान आणि दूध वगैरे आधीच सांगून झालं होतं. कालिदासाने स्निग्ध आणि गरम जेवण जोडलं. कालिदास आणि भोज एका काळातले नव्हेत, पण ग्रंथकाराला त्याचं काही नाही. माळव्यातल्या दाल-बाफल्यांवरच्या तुपाची धार मात्र तेव्हापासून वैद्यकीय सल्ल्याने चालू आहे, असं आमच्या काकांचं ठाम मत.

तर भोजराजाने डॉक्टर कसा ओळखला? बोलण्यातून. पाटी नव्हती, नंबर नव्हता.

नखं कापलेली, हातात छत्री

राजाच्या परवानगीशिवाय वैद्यकी करू नये, ही कल्पना साहेबाची नव्हे. सुश्रुतसंहितेत वैद्याने गावात धंदा सुरू करण्यापूर्वीच्या अटी दिल्या आहेत: शास्त्र शिकलेला हवा, अर्थ समजलेला हवा, शस्त्रकर्म पाहिलेला हवा, हाताने सराव केलेला हवा आणि राजाची अनुज्ञा घेतलेला हवा. त्यापुढे थेट गणवेश. नखं आणि केस कापलेले, अंग स्वच्छ, कपडे पांढरे, हातात छत्री आणि काठी, पायात वहाणा, वेष भपकेबाज नको. पांढऱ्या कोटाचं मूळ इथे आहे असा दावा मी करणार नाही. पण छत्री पुन्हा यायला हरकत नाही.

सराव कशावर करायचा तेही लिहिलंय. चीर द्यायला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. म्हणजे त्या काळी मेडिकल कॉलेज मंडईशेजारी हवं. आणि भोंदू वैद्य माजतात ते कुणामुळे? सुश्रुत बोट दाखवतो राजाकडे. दोष राज्यकर्त्याचा, असं तो सरळ म्हणतो. आज कुठल्या परिषदेत वक्ता हे म्हणाला तर पुढच्या वर्षी त्याला बोलावणार नाहीत.

कौटिल्य त्याच्या एक पाऊल पुढे. जिवावरच्या दुखण्यावर अधिकाऱ्याला न कळवता उपचार केले आणि रोगी दगावला तर वैद्याला दंड. वैद्याच्या चुकीने दगावला तर त्याहून मोठा दंड.

आनंदीबाईंचं नाव कुठे नोंदवायचं?

आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती, पण १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, त्या गेल्या. एक बाजू फारशी कुणी सांगत नाही: त्या जगल्या असत्या आणि दवाखाना काढला असता, तरी त्यांचं नाव नोंदवायला देशात डॉक्टरांचं रजिस्टरच नव्हतं. इंग्लंडात ते १८५८ च्या कायद्याने सुरू झालं होतं. आपल्याकडे पहिला नंबर मुंबई इलाख्याचा, १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने. त्याआधी पाटी लावायला सुतार आणि रंगारी पुरत.

संस्थानांत तर इलाख्याचा कायदाही लागू नव्हता. इंदूरला मात्र १८७८ पासून मेडिकल स्कूल होतं, आणि नंतर त्याला राजा एडवर्डचं नाव लागलं. माळव्यातल्या जुन्या घरांतून ‘एल.एम.पी.’ डॉक्टरांच्या आठवणी निघतात. एल.एम.पी. म्हणजे पदवी नव्हे, परवाना: लायसन्शिएट. मुंबईकडे तशीच ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरं असत. गावाने या लोकांना कधी अर्धवट मानलं नाही. बाळंतपण, मलेरिया, विंचू, हाड मोडणं, सगळं तेच बघत. धार संस्थानात मिशनच्या कॅनडियन डॉक्टरीणबाई मार्गारेट ओहारा यांनी बायकांचं इस्पितळ चालवलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरापुढे हात काढायला तयार नसायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

पाटी कशी वाचायची?

आता जरा जवळून. मावशीच्या बाजारातली एक पाटी. हिरवी जमीन, पिवळी अक्षरं, एका कोपऱ्यात गणपती आणि दुसऱ्यात एका शक्तिवर्धक गोळीची जाहिरात. नावापुढे अक्षरांची आगगाडी. यातलं इंजिन कोणतं आणि रिकामे डबे कोणते?

‘एम.बी.बी.एस.’ म्हणजे दोन पदव्या एकात, वैद्यकाची आणि शस्त्रक्रियेची. ‘बी.ए.एम.एस.’ आयुर्वेदाचे, ‘बी.एच.एम.एस.’ होमिओपॅथीचे, ‘बी.यू.एम.एस.’ युनानीचे. इथवर सोपं. मग येतं ‘एम.डी.’. हे तीन तऱ्हेचं असू शकतं. एक, एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षं घासून मिळवलेलं. दोन, आयुर्वेदातलं किंवा होमिओपॅथीतलं. तीन, रशिया किंवा तिकडच्या देशांतलं, जिथे पहिल्याच पदवीला एम.डी. म्हणतात आणि जिची बरोबरी आपल्या एम.बी.बी.एस.शी आहे. तिकडून आलेल्यांना इथे काम करायला वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तीनशेपैकी दीडशे मार्क पाडावे लागतात. ती परीक्षा सोपी नाही, त्यामुळे पास झालेल्याला कमी लेखायचं कारण नाही. फक्त एम.डी. कुठलं ते विचारावं.

‘बी.ई.एम.एस.’ दिसलं तर इलेक्ट्रोहोमिओपॅथी. केंद्र सरकारने या पद्धतीला मान्यता दिलेली नाही. संघटनांच्या सभासदत्वाची अक्षरं म्हणजे वर्गणी भरल्याची पावती, शिक्षणाशी संबंध नाही. आणि ‘आर.एम.पी.’ची तर मौजच. कायद्यात त्याचा अर्थ ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’, म्हणजे दिल्लीतला हृदयाचा सर्जनही आर.एम.पी.च. पण गल्लीत ही तीन अक्षरं पुष्कळदा तोच लावतो ज्याची नोंदणी कुठेच नाही.

म्हणून आगगाडी सोडा, नंबर बघा. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशाच्या पावतीवरही छापायचा. मध्य प्रदेशातला डॉक्टर भोपाळच्या परिषदेत नोंदलेला, महाराष्ट्रातला मुंबईच्या, आणि दोन्ही राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या रजिस्टरात मोबाइलवर शोधता येतात. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि मधल्या काळात परिषदा आणि व्याख्यानं ऐकून गुण साठवायचे. डॉक्टरांनाही हजेरी असते तर!

हा शोध मी एकदा उत्साहाने लावायला गेलो. गाव आणि दवाखाना सांगत नाही. भिंतीवर झोकदार फ्रेममध्ये ‘रजि. नं.’ होता. शोधतो तर सापडेना. शेवटी चष्मा पुसून नीट वाचला. तो गुमास्ता परवान्याचा नंबर होता. जो किराणा दुकानालाही असतो.

झोला कुठून आला?

‘झोलाछाप’ हा शब्द माळव्यातल्या मराठी घरात सर्रास चालतो, त्याला आपल्याकडचा ‘बोगस डॉक्टर’ पुरा पडत नाही. झोल्यात सिरिंज, सलाइनची बाटली आणि रंगीत गोळ्या. लोक त्याच्याकडे का जातात याची थट्टा करणं सोपं आहे. तो रात्री दोनला येतो, उधारी ठेवतो, आणि सलाइन लावल्याशिवाय जात नाही. पेशंटच्या मनात सलाइन लागलं म्हणजे उपचार झाला. पदवीवाला डॉक्टर “पाणी प्या, दोन दिवसांत उतरेल” म्हणाला की त्याची फी फुकट गेल्यासारखी वाटते. मध्य प्रदेश सरकारनेच १९९५ मध्ये खेड्यातल्या तरुणांना सहा महिन्यांचं शिक्षण देऊन जनस्वास्थ्य रक्षक केलं होतं. गरज खरी होती. डॉक्टर तेव्हाही नव्हते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकी केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ‘भोंदू’ होण्यासाठी पदवी नसावी लागतेच असं नाही. मुंबईतल्या एका खटल्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने एका होमिओपॅथला दोषी ठरवलं, कारण त्यांनी अॅलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही ती वापरली की त्या बाबतीत तुम्ही भोंदूच, असा त्याचा अर्थ. आयुर्वेदाच्या पदवीधराने अॅलोपॅथीची गोळी लिहावी का, हे मात्र राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्राने १९९२ मध्ये तशी अधिसूचना काढली होती. म्हणजे सीमा ओलांडली की पेन तेच, अधिकार निराळा.

बरं, ‘डॉक्टर’ म्हणायचं कुणाला? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिकवणारा. इंग्लंडात सर्जन लोक अजून अभिमानाने ‘मिस्टर’ लावतात. त्यांचे पूर्वज न्हाव्यांच्या पेढीवरचे, डॉक्टर नव्हेत, याची ती आठवण. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्य संचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं. दुसऱ्या दिवशी मागे घेतलं.

चिठ्ठीतली लॅटिन

काका बँकेतून निवृत्त. चिठ्ठीवर ‘टीडीएस’ वाचून दचकले. “गोळ्यांवरही कापतात का?” लॅटिनमध्ये ते ‘दिवसातून तीनदा घ्यावे’. ‘बीडी’ म्हणजे दोनदा, तिचा धुराशी संबंध नाही. ‘एचएस’ झोपताना. ‘एसओएस’ म्हणजे जहाज बुडत नाहीये, गरज वाटली तर घ्या. चिठ्ठीच्या माथ्यावरची ती पाय मारलेली खूण म्हणजे ‘घे’ अशी आज्ञा.

२०२२ च्या ऑक्टोबरात भोपाळला एम.बी.बी.एस.ची हिंदी पुस्तकं निघाली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान म्हणाले, माथ्यावर ‘श्री हरि’ लिहा आणि खाली औषधं हिंदीत. सतना जिल्ह्यातल्या एका सरकारी डॉक्टरने लगेच तशी चिठ्ठी लिहिली आणि ती देशभर फिरली. मावशीला काही नवल वाटलं नाही. तिच्या मते नावाआधी ‘श्री’ हवाच, मग तो पॅरासिटेमॉल का असेना. नियम एवढाच की अक्षर वाचता येईल असं हवं, शक्यतो मोठ्या लिपीत, आणि औषधाचं मूळ नाव हवं. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. २०१६ पासून प्रतिजैविकांसाठी या रेघेचा प्रचार चालू आहे, आणि बाजारातले अर्धे लोक तिला नक्षी समजतात.

डॉक्टरच्या गाडीवरचा लाल क्रॉस? तो डॉक्टरांचा नव्हेच. तो रेडक्रॉसचा आणि लष्करी वैद्यकसेवेचा, आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने इतरांना तो वापरायला बंदी आहे.

आणि परवान्याचं म्हणाल तर, बदनावरच्या उत्तरेला, रतलाम-मंदसौर-नीमच पट्ट्यात, शेतकऱ्याला अफू पेरायची तर सरकारी ‘पट्टा’ लागतो. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्या अफूतून मॉर्फिन आणि कोडीन निघतं. वेदनाशामकाचं लायसन्स सगळ्यात आधी शेतातच तपासलं जातं.

हवा बदलायला देवासला

माळव्यातलंच देवास. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व इथे आले ते गायला नव्हे, क्षयावर कोरडी हवा चांगली म्हणून. गाणं बंद, बिछान्यावर पडून. पाच-सहा वर्षं. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं. त्याचा शोध लागून जेमतेम काही वर्षं झालेली. त्याने जीव वाचला, एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झालं. पुढे त्यांनी छोटे छोटे श्वास घेत गाणं पुन्हा उभं केलं आणि खिडकीतून ऐकलेल्या माळव्याच्या लोकधुनांतून राग काढले. हवेने बरे झाले की औषधाने, हा वाद देवासच्या मराठी घरांत आजही रंगतो. मी औषधाच्या बाजूचा. पण देवासकरांसमोर बोलत नाही.

पिशवी कुणाची?

मावशीच्या पिशवीतले कागद तिचेच. मागितल्यावर इस्पितळाने बहात्तर तासांत नोंदींची प्रत द्यायची, तीन वर्षं त्या जपून ठेवायच्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की पहिल्याला राग येईल, ही भीती तिने पन्नास वर्षं बाळगली. आणखी एक हक्क: अपघातात कुणाला उचलून नेलं तर “आधी पोलीस” म्हणून दारात अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते निकालात काढलंय. नेणाऱ्यालाही त्याच्या मर्जीविरुद्ध साक्षीत गुंतवता येत नाही.

आणि डॉक्टरचं कर्तव्य काय, हे देशभर ज्या निकालाच्या आधाराने सांगितलं जातं तो निघाला कोकणातून. १९५३ च्या मे महिन्यात पळशेतला एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला आणलं, तिथे तो गेला. खटला वर्षानुवर्षं चालला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या: रोगी हाती घ्यावा का, कोणता उपचार द्यावा, आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत काळजी हवी. पळशेतच्या किनाऱ्यावर आज सुट्टीला जाणाऱ्यांना याचा पत्ता नसतो.

आयुष्मान कार्डाबद्दल एकच: कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि यादीतल्या इस्पितळात देशात कुठेही चालतं. मावशीची लेक पुण्यात असते, तिथेही. मात्र इस्पितळ यादीत आहे का, हे भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नव्हे. २०२५ च्या १७ सप्टेंबरला पंतप्रधान बदनावरजवळच्या भैंसोल्यात कापडउद्योगाच्या पार्कची पायाभरणी करायला आले, तेव्हा बायकांच्या आरोग्य तपासणीची देशव्यापी मोहीमही तिथूनच सुरू झाली. मावशी गेली होती. तिचं रक्त तपासलं, आणि पिशवीत एक कागद वाढला.

खाजगी इस्पितळालाही परवाना लागतो, बरं का. मध्य प्रदेशातला तो कायदा १९७३ चा, आणि त्याचं नाव ‘उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापनाएँ (रजिस्ट्रीकरण तथा अनुज्ञापन) अधिनियम’. एका दमात म्हणून दाखवलं तर फुप्फुसांची तपासणी वेगळी करायला नको.

परवा मावशीचा गुडघा पुन्हा सुजला. चौपाटीजवळ नवा दवाखाना झालाय. मी फोनवर म्हटलं, “मावशी, नंबर बघितलास का?” तिने भिंतीवरून वाचून दाखवला, मी इकडे मोबाइलवर शोधला. सापडला. नाव, वर्ष, पदवी, सगळं जुळलं.

“अगदी खरा डॉक्टर आहे,” मी म्हटलं.

“ते ठीक रे,” ती म्हणाली. “पण हाताला गुण आहे का?”